मोठं पोकलेन घ्यायचं की हायवा वाढवायचे?

सिन्नर तालुक्यातल्या एका तरुण खाणमालकाचा प्रश्न आहे. वडिलांच्या काळापासूनची दगडखाण, ताशी २०० टन दगड फोडून खडी करणारा क्रशर, दगड भरणारं २० टनी पोकलेन एक आणि तो वाहून नेणारे दहाचाकी हायवा चार. खाणीच्या तळापासून हॉपरपर्यंत, म्हणजे क्रशरमध्ये दगड ओतायच्या जागेपर्यंत, ११०० मीटर. क्रशर २०० चा असूनही वजनकाट्यावर ताशी १०५ टनांच्या वर माल दिसत नाही. सुपरवायझर म्हणतो, आणखी दोन हायवा घ्या. मशीनवाला म्हणतो, ३५ टनी पोकलेन घ्या. वडिलांनी लिलावातला जुना ३५ टनी डंपर बघून ठेवलाय. "काका, पैसे एकाच गोष्टीला पुरतील. कुठे घालू?"

सध्या कशातच घालू नका. निदान पुढचे दोन-तीन सुरुंग होईपर्यंत तरी नाही. का, ते तुम्हीच पाठवलेल्या आकड्यांवरून सांगतो.

आधी एक गोंधळ मिटवू, कारण तुमच्या घरात याच्यावरूनच वाद चाललाय असं वाटतं. ३५ टनी पोकलेन म्हणजे ज्या मशीनचं स्वतःचं वजन ३५ टन ते. ३५ टनी डंपर म्हणजे जो ३५ टन माल उचलतो तो. दोन्हीकडे ३५ असलं म्हणून ती जोडी होत नाही. पोकलेनची बकेट किती घनमीटरची आणि हायवात किती टन बसतात, जोडी या दोन आकड्यांची लागते.

माझी बावीस वर्षं चंद्रपूर-वणीकडच्या कोळसा खाणींत गेली. तिथे दहा घनमीटरची शॉव्हेल आणि ६० टनी, १०० टनी डंपर. गेली काही वर्षं नाशिकच्या आसपास खडीच्या खाणींवर फिरतोय, इथे एक घनमीटरची बकेट आणि हायवा. मशीन दहापट लहान झाली, हिशेब तोच राहिला. फरक इतकाच की तिथे हिशेब करायला एक स्वतंत्र माणूस बसलेला असायचा, इथे तो मालकाच्या डोक्यात असतो आणि डोक्यात हप्ता जास्त फिरत असतो.

फोनवर तुम्हाला सांगितलं होतं की दोन दिवस वही आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन पोकलेनजवळ बसा. तुम्ही खरंच बसलात, बरं केलंत. निम्मे लोक तिथेच कंटाळतात. तुमच्या नोंदी अशा: बकेट भरून, फिरून, ओतून परत यायला ३० सेकंद. एका हायवाला १६ बकेटा. रिकामा हायवा मागे घेऊन लावायला ४० सेकंद. भरलेला वर जायला साडेपाच मिनिटं, हॉपरवर दोन मिनिटं, रिकामा परत यायला साधारण ३.३ मिनिटं.

आता जुळवा. १६ बकेटांची आठ मिनिटं आणि लावायचे ४० सेकंद, म्हणजे एक हायवा भरायला ८.७ मिनिटं. त्याची पूर्ण फेरी ८.७ अधिक जाऊन-येऊन १०.८, म्हणजे साडेएकोणीस मिनिटं. साडेएकोणीसला ८.७ नं भागलं की सव्वादोन येतात. तुमचं पोकलेन सतत चालू ठेवायला सव्वादोन हायवा पुरतात आणि तुमच्याकडे चार आहेत. बाकीचे पावणेदोन कुठे असतात? रांगेत. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत असतो. दोन आणखी घेतलेत तर ते त्यांच्यामागे उभे राहतील, क्रशरला एक टनही जास्त मिळणार नाही.

मग सुपरवायझरला गाडी कमी का वाटते? तो खोटं बोलत नाहीये. तो हॉपरजवळ उभा असतो. तिथून पाहिलं की हॉपर रिकामा आणि रस्त्यावर गाडी नाही, हेच दिसतं. तोच माणूस खाली पोकलेनजवळ उभा केला तर म्हणेल, गाड्या जास्त झाल्या. म्हणून मी कुठल्याही खाणीवर गेलो की आधी खाली तळात जातो, चहा नंतर घेतो.

खाणकामात याला मॅच फॅक्टर म्हणतात. हायवांची संख्या गुणिले एक हायवा भरायचा वेळ, भागिले हायवाच्या फेरीचा वेळ. एक आला तर जोडी जमली. एकापेक्षा जास्त म्हणजे हायवा उभे, कमी म्हणजे पोकलेन उभं. तुमचा येतो १.७८. एखादी खाण ०.९ वर चालली तरी मला झोप लागते, पण १.७८ म्हणजे जवळजवळ निम्मी वाहतूक पगारावर बसवून ठेवलेली.

पुढचा प्रश्न: १६ बकेटा का लागतात? इथे सगळी मेख आहे.

आपला काळा पाषाण जमिनीत असताना घनमीटरला सुमारे २.८५ टन भरतो. फुटला की फुगतो, दीडपटीहून थोडा जास्त. सुटा झाल्यावर घनमीटरला १.७५ टन धरा. तुमची बकेट एक घनमीटरची. माल नीट फुटलेला असेल तर ती ८५ टक्के भरते, म्हणजे जवळपास दीड टन. बोल्डर असतील तर दोन धोंड्यांमध्ये पोकळी राहते, बकेट ६५ टक्क्यांवर थांबते, सव्वा टनही येत नाही. शिवाय ऑपरेटर बोल्डर सरकवतो, बाजूला काढतो, दुसऱ्याला हात घालतो. २४ सेकंदांचं काम ३० वर जातं. हायवात बसणाऱ्या १८ टनांसाठी १२ बकेटांऐवजी १६, आणि प्रत्येक बकेट सहा सेकंदांनी महाग. यावरून ताशी माल काढला, तासात कामाची ५० मिनिटं धरली (बाकीची दहा सरकणं, ग्रीस, पाणी, फोन यात जातातच), तर हिशेब १०३ टन सांगतो. तुमचा वजनकाटा १०५ सांगतो. याहून चांगला मेळ मला सरकारी खात्यातही क्वचित मिळाला.

म्हणजे तुमचा आजार ना पोकलेनमध्ये आहे ना हायवात. तो सुरुंगात आहे.

सिन्नरकडच्या दगडात थर असतात हे तुम्हाला माहीतच आहे. वर मुरूम, मग मांजऱ्या (सच्छिद्र, मऊसर दगड), खाली घट्ट पाषाण, मध्येच कुठे गेरूचा तांबडा पट्टा. सुरुंगाच्या भोकात दारू, म्हणजे स्फोटक, त्या मऊ पट्ट्याला धरून बसली की वायू तिथून निसटतो, घट्ट दगड तसाच राहतो. पट्ट्याच्या जागी भोकात खडीची भर घालून दारूचे दोन भाग करायला ब्लास्टरला, म्हणजे सुरुंग लावणाऱ्याला, सांगा. दुसरी गोष्ट, तोंडाकडची भर. बहुतेक खाणींवर भोकाच्या तोंडात ड्रिलची भुकटी लोटतात. ती बंदुकीच्या गोळीसारखी उडून जाते. त्याऐवजी १० मिलिमीटरची खडी भरा, जी तुम्ही स्वतःच बनवता. खडीचे दाणे एकमेकांत अडकतात, वायू धरून ठेवतात. एवढ्यानं बोल्डर सगळे जात नाहीत, पण वरच्या थरातले निश्चित कमी होतात. उरलेलं भोकांच्या अंतरात आहे, ते तुमचा परवानाधारक ब्लास्टर आणि तुम्ही बसून ठरवा. एक ओळ कमी अंतरावर घेऊन पाहा, फरक मोजा. ब्लास्टिंगवर टनामागे दहा रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या. हे दहा रुपये कुठे परत येतात ते आता मांडतो.

हिशेबासाठी काही आकडे धरतो. तुमचे वेगळे असतील, ते घालून परत करा. डिझेल ९० रुपये. २० टनी पोकलेन ६० लाखांचं, दहा हजार तासांनी २० लाखांना विकलं, म्हणजे तासाला ४०० घसारा. सरासरी ४० लाख अडकले, १० टक्के व्याज, वर्षाला २००० तास, म्हणजे तासाला २००. डिझेल १४ लिटर, १२६०. ऑपरेटर-हेल्पर २५०. दात, पिना, तेल, दुरुस्ती ३५०. बेरीज २४६०. याच पद्धतीनं ३५ टनी पोकलेन एक कोटी २० लाखांचं धरलं, डिझेल २७ लिटर, तर तासाला ४६०० पडतं. हायवा सगळं धरून तासाला १६००.

आजची स्थिती: २४६० अधिक चार हायवांचे ६४००, म्हणजे ताशी ८८६०. भागिले १०५ टन, टनाला ८४ रुपये. रांगेत उभा हायवा डिझेल कमी खातो, तेवढं वजा केलं तरी पंच्याहत्तरच्या खाली काही येत नाही.

सुरुंग सुधारला: १२ बकेटा, २४ सेकंद, भरायला साडेपाच मिनिटं, फेरी १६.३ मिनिटांची. आता तीन हायवा नेमके लागतात. माल ताशी १६३ टन. खर्च २४६० अधिक ४८००, म्हणजे ७२६०. टनाला साडेचव्वेचाळीस, ब्लास्टिंगचे वाढीव दहा धरून साडेचोपन्न.

म्हणजे एक रुपयाचंही मशीन न घेता माल निम्म्याहून जास्त वाढला आणि टनामागे वीस ते तीस रुपये वाचले. मशीनवाला हा हिशेब तुम्हाला सांगणार नाही. त्यात त्याची काही चूक नाही, तो दारू विकत नाही.

आता ३५ टनी पोकलेनचा विचार प्रामाणिकपणे करू, कारण ते वाईट मशीन नाही. १.८ घनमीटरची रॉक बकेट, सात बकेटांत हायवा भरतो, भरायला ३.७ मिनिटं. चार हायवा बरोबर जुळतात. पोकलेन ताशी २४० टन देऊ शकतं, पण क्रशर २०० वर अडतो. खर्च ४६०० अधिक ६४००, म्हणजे ११,०००. २०० नं भागले तर ५५, ब्लास्टिंग धरून ६५. साडेचोपन्नपेक्षा दहा रुपये महाग.

पण हा आकडाही फसवा आहे. खरा प्रश्न असा विचारा: १६३ च्या वरचे ते ३७ टन मला कितीला पडतात? ११,००० वजा ७२६०, म्हणजे ३७४०, भागिले ३७. एकशे एक रुपये, ब्लास्टिंगसह १११. सरासरीत हे लपून जातं. वरच्या प्रत्येक टनावर खडी विकून, दळणाचा खर्च, वीज आणि रॉयल्टी जाऊन तुम्हाला १११ पेक्षा जास्त उरत असतील आणि ते ३७ टन रोज, वर्षभर विकले जाणार असतील, तरच मोठं पोकलेन घ्या. २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत, मागणी आहे, हे मला दिसतं. मात्र समृद्धी महामार्गाच्या वेळीही मागणी होती आणि काम सरल्यावर हप्त्यांसकट उभी राहिलेली मशीनं मी इगतपुरीपासून सिन्नरपर्यंत पाहिली आहेत. तेजीच्या दोन वर्षांसाठी चार वर्षांचा हप्ता घेताना हात जरा आखडता घ्या.

हप्त्याचंच बोलायचं तर एक कोटीचं कर्ज, १० टक्के, चार वर्षं: महिन्याला अडीच लाखांच्या वर. पावसाळ्यात तीन महिने खाणीचं काम मंद, पण बँकेला आषाढ-श्रावण नसतो. साडेसात लाख रुपये नुसते त्या तीन महिन्यांत जातात. इगतपुरी-त्र्यंबककडची खाण असेल तर चार महिने धरा. म्हणून मोठं मशीन हवंच असेल तर ऑक्टोबर ते मे भाड्यानं घ्या. भाड्याचा तासाचा दर जास्त वाटतो, पण पाऊस पडला की मशीन परत जातं. वर्षाला हजार-बाराशे तासांपेक्षा कमी काम असेल तर विकत घेण्याचा हिशेब मला कधी बसवता आलेला नाही.

आणि एक कबुली. सुरुंग तसाच ठेवून नुसतं मोठं पोकलेन आणलं तरी पोकलेनचा आकडा सुधारतो. मोठी बकेट बोल्डर उचलते. म्हणून तर लोकांना वाटतं, मशीन घेतलं आणि प्रश्न सुटला. पण तो बोल्डर मग कुठे जातो? हॉपरवर. क्रशरच्या जॉचं, म्हणजे जबड्याचं, तोंड ३२ इंचांचं असेल तर २६ इंचांच्या वरचा दगड अडकतोच. मग हॉपरवर दगड फोडायला ब्रेकर, नाहीतर साखळी बांधून ओढाओढ, तोवर खालचे चारही हायवा वर रांगेत. रांग फक्त तळातून वर सरकली. पाथर्डी-विल्होळीच्या बाजूला एका खाणीवर मी नेमकं हेच पाहिलं, आणि सल्ला देणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा हॉपरकडे पुरेसं बघितलं नव्हतं.

लिलावातल्या डंपरबद्दल वडिलांना दुखवू नका, पण नाही म्हणा. ३५ टन भरायला तुमच्या बकेटला २३-२४ खेपा घालाव्या लागतील, एक डंपर दहा मिनिटं पोकलेनखाली बसेल. मोठ्या खाणींत चार ते सहा बकेटांत गाडी भरावी असा दंडक आहे. आपल्याकडे दहाचाकी आणि २० टनीच्या जोडीत तो १२ पर्यंत ताणला जातो, पण २४ म्हणजे चमच्यानं हौद भरणं. शिवाय असा डंपर सार्वजनिक रस्त्यावर उतरवता येत नाही. खाण आणि क्रशरच्या मध्ये गावरस्ता आडवा येत असेल तर विषयच संपला. त्याचे टायर, त्याचे पार्ट नाशिकमध्ये कुणी ठेवत नाही. हायवाचा क्लच गेला तर आडगाव नाक्यावर दुपारपर्यंत मिळतो, संध्याकाळी गाडी चालू. लिलावातली स्वस्ताई पहिल्या बिघाडाला संपते.

हायवा कसा निवडावा हे तुम्ही विचारलं नाहीत, पण चौथा बदलायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल. दहाचाकी गाडीचं एकूण वजन २०१८ च्या सुधारणेनंतर २८.५ टनांपर्यंत चालतं, आधी २५ होतं. रॉक बॉडीसह गाडीचं स्वतःचं वजन साडेदहा-अकरा टन. उरतात साडेसतरा-अठरा टन. आता बॉडी बघा. १६ घनमीटरची बॉडी काठोकाठ भरली तर १.७५ नं गुणून २८ टन होतात. दहा टन जास्त! आपल्याकडे सगळे ब्रासमध्ये बोलतात, ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. फुटलेल्या दगडाचा एक ब्रास पाच टनांच्या आसपास जातो, म्हणजे अठरा टन हे पावणेचार ब्राससुद्धा नाहीत. "पाच ब्रास टाक" असं सहज ओरडलं जातं, तेव्हा गाडीवर सात टन जादा चढलेले असतात. रस्त्यावर पकडलं तर २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. खाणीच्या आत कुणी पकडत नाही, तिथे टायर, पाटे आणि डिफरन्शियल दंड वसूल करतात, पावती मात्र देत नाहीत. दगडासाठी बॉडी लहान, जाड पत्र्याची, अर्धगोल तळाची घ्या. मोठी बॉडी हलक्या मालासाठी ठीक. मोठ्या खाणींत एक नियम पाळतात: दहापैकी एखादीच फेरी ठरलेल्या वजनाच्या दहा टक्के वर जावी आणि वीस टक्क्यांच्या वर एकही नको. वजनकाटा तुमच्या दारात आहे, आठवड्यातून एक दिवस प्रत्येक फेरी तोला. ऑपरेटरला आकडे दाखवा, रागावू नका. त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं की बारावी बकेट पुरेशी आहे.

चढ तीव्र असेल तर हब रिडक्शनचा (चाकातच जादा गिअर असलेला) मागचा ॲक्सल घ्या. रस्त्यावर थोडं जास्त डिझेल खाईल, पण खाणीच्या चढात ॲक्सल शाफ्ट तुटणार नाही. हीच गाडी रात्री खडी घेऊन शहरात पाठवायची असेल तर तो नको. एकाच गाडीकडून दोन्ही कामं करून घेणाऱ्यांची दोन्हीकडे नासाडी होते, असा माझा अनुभव आहे. मतभेद असू शकतात.

आता रस्ता. यावर मी जरा जास्त बोलतो, कारण यावर कुणीच खर्च करत नाही. तुमचा चढ एकास सोळा आहे असं धरतो, म्हणजे सव्वासहा टक्के. परवानगीतही बहुतेक हाच आकडा असतो. घट्ट, दाबलेल्या रस्त्यावर चाकाला होणारा विरोध तीन टक्क्यांच्या आसपास असतो. खड्डे आणि चाकोऱ्या पडल्या की सहा. म्हणजे इंजिनला एकूण सव्वानऊऐवजी सव्वाबारा टक्के ओढावं लागतं. इंजिनची ताकद तीच, मग वेग पाव भागानं घटतो. ताशी १२ किलोमीटरचा ९ होतो. साडेपाच मिनिटांची चढण सव्वासात मिनिटांची होते, आणि खाली येतानाही ड्रायव्हर खड्डे चुकवत येतो. पावसाळ्यात तुमची फेरी १६.३ वरून जवळपास १९ मिनिटांवर जाईल आणि तेव्हा तीन हायवा पुरणार नाहीत, साडेतीन लागतील. हा अर्धा हायवा तुम्ही चिखलाला देता. उपाय तुमच्याच आवारात ढीग लावून पडलाय. क्रशरची डस्ट आणि बारीक खडी टाका, रोलर फिरवा, पाणी मारा, आणि मुख्य म्हणजे डोंगराकडच्या बाजूला चर खणा. पाणी रस्त्यावरून वाहू द्यायचं नाही, एवढं एक केलं तरी निम्मं काम झालं. रुंदी दोन गाड्यांसाठी गाडीच्या तीन-साडेतीन पट हवी. वळणावर एकमेकांसाठी थांबणाऱ्या गाड्या स्टॉपवॉचमध्ये दिसतात, पण हिशेबात कुणी धरत नाही.

पोकलेन उभं कसं करता, हेही बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते हायवाच्या पातळीवर उभं आहे आणि जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरतंय. त्याला ढिगावर चढवा, दोन-अडीच मीटर उंचीवर, हायवा खाली घ्या, आणि बकेटला पाऊण काटकोनापेक्षा जास्त फिरायला लागू नये अशा कोनात लावा. ऑपरेटरला वरून बॉडीचा तळ दिसतो, बकेट उंच उचलावी लागत नाही. यात प्रत्येक बकेटमागे दोन-तीन सेकंद वाचतात, पैसे शून्य. २४ सेकंदांचा माझा अंदाज यावरही बेतलेला आहे, हे लक्षात ठेवा. फक्त ढिगाचा काठ पक्का आहे ना, ते रोज सकाळी पाहायचं.

चाकाचा लोडर घ्यावा का, असंही शेवटी विचारलंय. खडीच्या ढिगावर गाड्या भरायला जरूर घ्या, पोकलेनपेक्षा स्वस्त आणि चपळ. खाणीच्या तळात नको. आपला पाषाण फुटतो तो धारदार कडा घेऊन, टायरच्या बाजू कापल्या जातात. त्र्यंबक रस्त्याकडे एका खाणीत मी हौसेनं लोडर लावायला सांगितला होता, कारण कोळशात तो छान चालला होता. कोळसा आणि काळा पाषाण यांत फरक असतो, हे मला टायरच्या बिलांनी शिकवलं. मालक भला माणूस होता, मला अजून चहाला बोलावतो, पण मशीन घेताना विचारत नाही.

जुनं पोकलेन घ्यायचं झालं तर तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, तो फिरवता येतो. साखळी, रोलर, स्प्रॉकेटचे दात बघा. दगडावर चालणाऱ्या मशीनचा दुरुस्तीचा मोठा वाटा खालच्या भागात जातो. बूमच्या मुळाशी वेल्डिंगचे ठिगळ आहेत का ते पुसून बघा. मशीन अर्धा तास गरम करून मगच बकेट भरून उचलायला लावा, थंड असताना दमलेला पंपही जोरात चालतो.

राहिला चौथा हायवा. तीन पुरतात म्हटल्यावर तुमच्या मनात तो विकायचा विचार आला असेल. विकू नका. एखादी गाडी १०० पैकी ८५ दिवस कामाला मिळते असं धरलं, तर तीनही गाड्या एकाच दिवशी चालू मिळण्याची शक्यता फक्त ६१ टक्के. चारांपैकी निदान तीन मिळण्याची ८९. तो चौथा उभा दिसला तरी कामच करत असतो. फक्त त्याला रोज चालवून रांग वाढवू नका. आळीपाळीनं एकेक गाडी ग्रीस आणि टायरसाठी बाजूला काढा, आणि जूनपासून चौघंही लावा.

पुढचा सुरुंग झाला की ढिगात एक मीटरची काठी उभी करून फोटो पाठवा आणि त्याच दिवशी पुन्हा दहा हायवांच्या बकेटा मोजा. १२-१३ वर आल्या असतील तर मशीनवाल्याचा फोन उचलू नका. १५ च्या खाली येतच नसतील तर भोकांचं अंतर, खोली, भर आणि दारू किती, हे चार आकडे ब्लास्टरकडून लिहून घ्या आणि मला कळवा. मग एक दिवस येतो खाणीवर. वडिलांनाही त्या दिवशी तळात घेऊन या.